ओल्या टिकलीवरची सही

गौरवग्रंथाच्या समितीने बजावले आहे, "घाटोळेसाहेबांची पंचाहत्तरी आहे, कडू लिहू नका." क्षमा असावी. गोडगोड लिहिणे मला जमत नाही, आणि या लेखात तर मुळीच जमणार नाही.

साहेबांची आणि माझी ओळखच त्यांच्या ओरडण्याने झाली. पासष्ट सालच्या लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या आमच्या शस्त्रांच्या कारखान्यात भट्ट्या अहोरात्र पेटलेल्या. प्रयोगशाळेत मी नवाच रुजू झालो होतो. "काहून जी, कालचा कोळसा खलात तसाच, अन् त्यातच आजचा घोटून राहिले? कोणत्या खाणीचा निकाल येईन मंग?" खल मी तीनदा धुतला.

कोळसा जाळायचा आणि राख मोजायची, एवढीच परीक्षा तेव्हा बहुतेकांना ठाऊक होती. साहेब कोळशाच्या पोटात शिरत. त्याची चिमूटभर पूड पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या पांढऱ्या क्षारात घोटायची, दाबून टिकलीएवढी चकती करायची आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे. आतले कोणते रासायनिक बंध कोणते किरण गिळतात, ते यंत्राची लेखणी कागदावर खड्डे काढत सांगे. तो क्षार मात्र हवेतली ओल पिणारा, म्हणून त्याची बाटली कायम गरम कपाटात.

त्याच भर पावसाळ्यात ती बाटली मी बाहेर विसरलो. कागदावर ओलीचा भला मोठा खड्डा उमटला. त्याच आठवड्यात भट्टी नीट तापत नव्हती. प्रयोगशाळेच्या मुख्यांनी कागद पाहिला आणि निकाल देऊन टाकला. म्हणे कोळसा उघड्यावर ठेवून भिजवला, दोष गोदामाच्या रामकिशनचा. "साहब, माल तो कल ही उतरा है, तिरपाल के नीचे रखा है," गोहलपूरचा तो गरीब माणूस रडत सांगत होता. लढाईत घातपाताचा आरोप! नोकरी जाणारच होती, तुरुंगही लांब नव्हता. आणि मी? मी मूग गिळून गप्प बसलो.

घाटोळेसाहेबांनी त्याच बाटलीतल्या नुसत्या क्षाराची टिकली केली. तिच्यात कोळशाचा कण नव्हता. तरी तोच खड्डा उमटला.

"यात तर कोळसाच नाही जी. आता कोणाले धरता?"

मुख्य लालबुंद झाले. "पहिली टिकली केली कोणी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "मी," म्हणाले, आणि अहवालावर तशी सही केली.

रामकिशन सुटला. भट्टीचा दोष पुढे तिच्या विटांत निघाला. साहेबांना मात्र यंत्रावरून काढून बॉयलरच्या पाण्याच्या चाचण्यांना बसवले, ते निवृत्तीपर्यंत! कोळसा ज्यांना कळत होता, त्यांनी पाणी तपासायचे! आणि आज त्याच कारखान्याचे कार्यालय शाल-श्रीफळ घेऊन निघाले आहे. लाज कशी वाटत नाही? पण मला तरी इतकी वर्षे कुठे वाटली?

माझ्या लग्नाला साहेब जबलपूरजवळच्या पाटनपर्यंत बसचे धक्के खात आले. आहेरात नवा खल होता. त्या प्रकरणाचा मात्र त्यांनी तेव्हाही शब्द काढला नाही, नंतरही नाही.

साहेब, एका न धुतलेल्या खलासाठी तुम्ही मला फाडून खाल्ले, आणि या पापासाठी अवाक्षर नाही? याचा मला तुमच्यावर राग आहे, स्वतःवर त्याहून जास्त. म्हणून इथे छापूनच देतो. ती ओली टिकली माझी होती.

नर्मदामाई तुम्हाला शंभरी पार ठणठणीत ठेवो. समारंभाला मी पहिल्याच रांगेत बसणार आहे. माईक हातात आला की आभार राहू द्या, आधी मला रागवा.