घाटातली जीप

धडगावच्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून होते. पाळीच्या पहिल्या दिवशी गोळी घेऊन खुर्चीत बसून राहायची सवयच झाली होती. त्या सकाळी मात्र गोळीनंही काही होईना. ओटीपोटात कुणीतरी आतून पिळतंय असं वाटत होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. एवढं कधीच दुखलं नव्हतं, म्हणून मी घाबरले.

एरवी मी ताप आलाय सांगून सुट्टी मागायचे. त्या दिवशी खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "पाळी आलीय, साहेब. उभं राहवत नाही."

साहेब म्हणाले, "जा, पण एकट्या जाऊ नका." त्यांनी शिपाई मावशींना सोबत दिलं.

दवाखान्यासाठी आम्ही शहाद्याला निघालो. जीप खचाखच भरली होती. घाटातल्या प्रत्येक वळणाला कळ उठायची. इथेच बेशुद्ध पडले तर काय, या विचारानं मी मावशींचा हात घट्ट धरला.

"घाबरू नको बेटा, मी शे ना तुन्हासंगे," त्या अहिराणीत सारखं म्हणत होत्या.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. अंडाशयावर गाठ होती.

"कॅन्सर?" मी कसंबसं विचारलं.

"तसं दिसत नाही. पण इतकी वर्षं सहन का केलंत?"

मावशीच म्हणाल्या, "सगळ्याच करतात, म्हणून."

पुढे ऑपरेशन झालं आणि गाठ साधी निघाली. तरी पाळीची तारीख जवळ आली की अजून माझे हातपाय गार पडतात.