रोहूची कलेजी

माझ्या संशोधनाची सगळी अक्कल एका वाक्यात मावते. माशाचं यकृत दुखावलं की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, रक्तात उतरतात. ती मोजली की मासा न कापताही त्याची तब्येत कळते. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास हे वाक्य मी गोंदियाच्या आसपासच्या तलावांवर मोठ्या तोऱ्यात ऐकवत फिरायचे.

कामठ्याकडच्या एका तलावात ढिवर मच्छीमारांची सोसायटी रोहू पाळायची. तिथल्या अध्यक्षांना मी काका म्हणत असे. त्यांनी जाळं टाकून मला मासे धरून दिले. परतीची बस गाठायची होती, म्हणून मी सुईतून रक्त घाईघाईने नळ्यांत दाबून सोडलं. असं केलं की रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्यातली विकरंही मिसळून आकडा फुगतो, हे मला पाठ होतं. कॉलेजात नळ्या यंत्रात फिरवल्यावर वर फिकट पिवळं पाणी यायला हवं. माझं गुलाबी आलं. ते फेकायचं आणि पुन्हा तलावावर जायचं, एवढंच काम होतं. मला कंटाळा आला. दुसरं कारण आजवर शोधूनही सापडलेलं नाही.

त्याच गुलाबी पाण्याचे आकडे चढेच निघाले. मी काकांना सांगितलं, यकृत खराब आहे, रोग पसरायच्या आत सगळे मासे काढून घ्या.

"मासोऱ्या तं चांगल्या खेळून राहिल्या जी मॅडम," ते म्हणाले. "मंग बिमार काऊन?"

"वरून दिसत नाही, काका."

उन्हाळ्यापर्यंत वाढायचे मासे त्यांनी वीतभर असतानाच काढले, केवळ माझ्या शब्दावर.

तलाव रिकामा झाल्यावर त्यांनी मला जेवायला बोलावलं, आभार मानायला म्हणून. मीही गेले, याचीच आता जास्त लाज वाटते. अंगणात काकू पावशीवर, म्हणजे विळीवर, त्याच तलावातले मासे कापत बसल्या होत्या. एकाचं पोट फाडून त्यांनी आतड्यांत गुंतलेलं यकृत बोटांवर घेतलं. तपकिरी-लाल, तुकतुकीत, कुठे डाग म्हणून नाही. इतकं निरोगी यकृत मी पुस्तकातल्या चित्रातही पाहिलं नव्हतं.

"मॅडम, यात खराब कोनतं हाय? दाखवा ना," काकू म्हणाल्या. "पुढच्या साली आमीच वळखून घेऊ."

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी बोट पुढे केलं, यकृताच्या कडेला लावलं आणि म्हणाले, "इथे."

काकूंनी शेजारच्या बायांना हाक मारली. त्या हात पुसत आल्या. काकूंनी यकृत तळहातावर धरून एकेकीला नीट दाखवलं.

"पाहून ठेवा वो. बिमार कलेजी अशी राहते."

त्यांतल्या एकीने खाली वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "रंग असाच राहते का जी?"

मी हो म्हणाले.