किशनमामांची शेड

"ताई, बाबा गेले. पाऊस लई हाय, पण तुम्ही या. वर पत्रा हाय."

किशनमामांच्या मुलीचा, शोभाचा, हा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी भाजी निवडत होते. बातमी ऐकून आधी मला हसू फुटलं आणि मग त्या हसण्याची लाज वाटली. याला आता दीड महिना होईल. लोहा तालुक्यातल्या आपल्या लहानशा गावाला स्मशानशेड मिळावी म्हणून हा माणूस तीन वर्षं माझ्या मागे लागला होता, आणि त्याला नकाराची पत्रं पाठवणारी बाई मीच होते. एका बँकेच्या धर्मादाय प्रतिष्ठानात माझी नोकरी. गावोगावच्या कामांना अनुदान द्यायचं, म्हणजे मुख्यतः आलेले अर्ज परत पाठवायचे.

मामा गावातले शिवणकाम करणारे. अक्षर टपोरं, शाई निळी. पहिल्या वर्षी त्यांनी 'आरोग्य' या सदराखाली अर्ज केला. मी लिहिलं, 'प्रकल्पाचा आरोग्याशी संबंध स्पष्ट करावा.' आठ दिवसांत उत्तर आलं, 'आरोग्य संपलं की लगेच इथंच यावं लागतं. याहून जवळचा संबंध आमच्या गावात नाही.' दुसऱ्या वर्षी सदर होतं 'ज्येष्ठ नागरिक'. लाभार्थी किती, या रकान्यात लिहिलं होतं, 'सगळं गाव. कोणालाही वगळलं जाणार नाही.' भविष्यात मागणी टिकेल का, यावर 'कमी होणार नाही'. आणि लाभार्थ्यांचं जीवनमान कसं उंचावेल, या रकान्यात त्यांनी पट्टी घेऊन एक सरळ आडवी रेघ मारली होती. आमच्या ऑफिसात तो अर्ज हातोहात फिरला. सगळे पोट धरून हसलो आणि मग मी नेहमीचं पत्र टाईप केलं.

तिसऱ्या नकारानंतर मामा स्वतःच ऑफिसात आले. टोपी काढून मांडीवर ठेवली, पाणी प्यायले. म्हणाले, "ग्रामपंचायतीत आमचा नंबर कायम दुसरा. पहिला दरसाल बदलतो. तुमच्याकडं तर नंबरच न्हाई. एकदा येऊन जागा तरी बघा." नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं म्हणून मी गेले.

तिथे स्मशानात खुर्ची, टेबल, टेबलावर धुतलेला टॉवेल, वर चहा आणि मुरमुऱ्यांचा सुशीला अशी सगळी तयारी! माझ्यासोबत आलेले आमचे इंजिनियर चहाला हात लावेनात. मामा आग्रह करत राहिले, "घ्या साहेब, इथं कुणी परकं न्हाई. सगळी आमचीच हायत." एक म्हातारबुवा पुटपुटले की बाईमाणसानं इथं येऊ नये. मामा म्हणाले, "ताई कामावर आल्यात." मी चहा घेतला. साखर फार होती.

मग मामा मला नदीकडच्या अंगाला घेऊन गेले. तिथे त्यांच्या बायकोला अग्नी दिला होता. त्या दिवशी पाऊस थांबेना. गोठ्यावरचे पत्रे काढून आणले, टोकांना ओली पोती गुंडाळली आणि चिता पेट घेईपर्यंत वर धरून उभे राहिले. माणसं कमी पडली. बाकीचे लाकडं कोरडी ठेवायच्या धांदलीत. चौथं टोक शोभानं धरलं.

"हात भाजून राहिले, पत्रा सोडता येईना," मामा म्हणाले. "तिकडं ध्यान दिलं अन् रडायचं राहूनच गेलं, ताई... पोरीचं बी राहिलं. नंतर घरी रडू म्हणलं तर येईना."

मी ऑफिसात येऊन आमची नियमावली पुन्हा काढली. सदरांच्या यादीत सगळ्यात खाली एक शब्द होता, 'इतर'. तीन वर्षांत तो ना मामांना कुणी दाखवला, ना मी कधी वाचला. पहिल्याच पत्रात मी तेवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं. मामांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू द्या. माझं अक्षर सुधारलं."

शेड झाली, पण उद्घाटनाला पाहुणा मिळेना. ज्यांना बोलवावं ते कशाचं उद्घाटन विचारायचे आणि त्यांना त्याच दिवशी लग्न निघायचं. पुढे वेगळीच पंचाईत. वापराचे फोटो सहा महिन्यांत पाठवा, असा आमचा नियम, आणि गावात कुणी मरेना. गावकऱ्यांनी मामांना बेजार केलं. मामा रामराम घालतात तो तब्येत बघायलाच, असं पारावर बोललं जायचं. त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकलेले म्हातारे माप द्यायला कचरू लागले. शेवटी एक जण गेला, ही थट्टा सगळ्यात जास्त करणारा. मामांचं पत्र आलं, 'वापर झाला. फोटो काढला नाही. माणूस गावचा होता.' नियमाप्रमाणे मी ते परत पाठवायला हवं होतं. फाईलला लावून टाकलं.

आणि शोभाचा फोन आला त्या दिवशी मी मामांसाठी गेले. पाऊस आडवातिडवा. पत्र्यावर एवढा आवाज की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. चिता मात्र पहिल्या काडीला पेटली. कुणाला काही धरायचं नव्हतं, कुठे धावायचं नव्हतं. पुरुष हात बांधून उभे होते, सोडून परत बांधत होते. मी आणि शोभा कडेच्या कट्ट्यावर बसलो. या वेळी आम्हाला कुणी काही म्हटलं नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, तळव्यावर जुन्या भाजल्याचा डाग. बराच वेळ ती जाळाकडे नुसती बघत होती.

मग ती रडायला लागली. रडता रडता आईला हाका मारत होती. बाबांचा नंबर फार वेळाने लागला.