काचेमागची खुर्ची

सव्वीस वर्षं रेडिओकाका कोर्टाच्या अगदी कडेला बसून बास्केटबॉलची कॉमेंट्री करत आले होते. रेषेपासून खुर्ची हातभर लांब. चेंडू दोनदा त्यांच्या चहात पडला होता आणि एकदा एक सहाफुटी गडी थेट मांडीवर. "पाहुणे आलेत, जरा सरकून घेतो," एवढं माईकवर म्हणून काका पुढे चालू.

अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी हॉलच्या मॅनेजरनं त्यांना बोलावलं. मॅनेजर प्रत्येक वाक्याला ठिगळ लावल्यासारखा बोले. "काका, आता तुम्ही वर. बरं का? छताखाली काचेची केबिन केलीय. बरं का? सगळं कोर्ट कसं तळहातावर. खाली बड्या लोकांचे सोफे येतायत. बरं का?"

काकांनी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वर्षभरापासून त्यांना दहा हातांपलीकडचं सगळं धुरकट दिसत होतं, आणि हे फक्त शेजारी बसणाऱ्या स्कोअरबाईंना ठाऊक होतं. कडेला बसून निभत होतं. बारा नंबरचा बूट कुरकुरायचा. चार नंबर उडी मारताना हुंकारायचा. फाउल झाला की पंच टेबलासमोर येऊन खेळाडूचा आकडा बोटांनी दाखवायचा, वर तोंडानंही सांगायचा. काका कानांनी सामना बघत होते आणि घरोघरी लोक म्हणत होते, काय नजर आहे माणसाची!

"सांगून टाका काका," स्कोअरबाई म्हणाल्या. "वरून तुम्हाला माणसं नाही, डाग दिसतील."

"सांगितलं की घरी बसवतील. घरी तुमची काकू आहे. तिथं मला कोण बोलू देतंय?"

बाई हसल्या नाहीत.

सामन्याच्या दिवशी काका लोखंडी जिना चढून वर गेले. केबिनचं दार लागलं आणि कुणी कानात बोळे कोंबावेत तसा हॉल मुका झाला.

"खालचा आवाज?" त्यांनी साउंडवाल्याला विचारलं.

"तो थेट रेडिओवर जातो, काका. तुमच्या कानात दिला तर घुमेल. तुम्हाला काय करायचाय? समोर दिसतंय की सगळं."

खाली निळे आणि पिवळे डाग पळत होते. स्कोअर भिंतीवरच्या भल्यामोठ्या लाल आकड्यांवरून कळत होता. बाकीचं काका थापा मारून रेटत होते. पंच टेबलाकडे तोंड करून उभा राही, म्हणजे केबिनकडे त्याची पाठ. दोन क्वार्टर निभावले. शर्ट पाठीला चिकटला होता.

तिसऱ्यात बास्केटखाली दोन डाग एकमेकांवर आदळले. एक निळा खाली राहिला. बाकीचे त्याच्याभोवती थांबले. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि बास्केटखाली नेहमी सात नंबरच घुसायचा.

"सात नंबर पडलाय," काका म्हणाले. "डोक्यावर पडलाय. हलत नाहीये."

मिनिटभरात केबिनमधला, श्रोत्यांना नंबर सांगितलेला फोन वाजला. साउंडवाल्यानं माईक बंद करून रिसीव्हर त्यांच्या हाती दिला.

"काका, मी सात नंबरची आई." आवाज पातळ, चिरत चाललेला. "डोळे उघडले का त्यानं? तुम्हाला दिसतंय ना?"

काका काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांच्याच श्वासानं काच धुरकटली.

"सात?" साउंडवाला शेजारून खाली वाकून बघत म्हणाला. "सात तर पाणी पितोय, काका. पडलाय तो अकरा. स्ट्रेचर आणलंय." मग तो खाली बघायचं सोडून काकांच्या डोळ्यांकडे बघू लागला.

"ताई, तुमचा मुलगा धड आहे," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पलीकडे रडू फुटलेलं त्यांना ऐकू आलं होतं. मग त्यांनी स्वतःच माईक चालू केला.

"मंडळी, मी चुकीचा आकडा सांगितला. मला इथून दिसत नाही. वर्षभर कडेला बसूनही दिसत नव्हतं, नुसतं ऐकून सांगत होतो. पडलेला गडी अकरा नंबर आहे. त्याला बाहेर नेतायत."

साउंडवाल्यानं हळूच माईक आपल्याकडे ओढून घेतला. काकांनी अडवलं नाही.

फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी अकरा नंबरच्या घरचं कुणी असणार, ते दोघांनाही कळलं होतं. साउंडवाल्यानं फोनकडे पाहिलं आणि माईकवरचा हात काही उचलला नाही.

रिसीव्हर काकांनीच उचलला.