आईवर केलेलं वाक्य

"खडी फोडून हिच्या आईचा कायाकल्प झाला."

गुरुजींनी हे फळ्यावर लिहिलं. मग माझ्याकडं बोट दाखवलं. अख्खा वर्ग हसला.

मी नववीत होते. सोनपेठकडच्या एका गावात. बौद्धवाड्यातली वर्गात मी एकटीच. दुष्काळाचं साल. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिला पस्तिशीही लागली नव्हती. पण दात पडलेले, डोळे सदा लाल. मुकादम तिला "ए म्हातारे" म्हणायचा.

त्या दिवशी गुरुजींनी शब्द दिला, कायाकल्प. म्हणाले, "म्हातारं शरीर पुन्हा तरुण होणं. वाक्यात उपयोग करा." कुणी ऋषीचं वाक्य केलं, कुणी राजाचं. मी उभी राहिले. म्हणाले, "माझ्या आईचा कायाकल्प व्हावा." खरंच वाटलं तसं. शब्द ऐकला अन् आईच डोळ्यापुढं आली.

गुरुजी हसले. "तुमच्यात कायाकल्प? अगं, काया बदलली तरी जात कुठं जाणार?" मग खडू उचलून ते वाक्य लिहिलं. सगळ्यांना उतरून घ्यायला लावलं.

"तूही लिही."

मी वही मिटली.

"न्हाई लिहिणार. पुसा ते."

छडी बसली. हातावर, मग पाठीवर. "माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

दप्तर घेतलं अन् निघाले. थेट खडीवर, आईकडं. सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. तिनं माझे वळ पाहिले. मग म्हणाली, "जा बाई. मास्तरचे पाय धर. हितं लय ऊन हाय."

तिच्यावर राग नाही. पाय धरल्याबिगर कुणी आत घेत नाही, एवढंच तिला जगानं शिकवलं होतं.

मी गेले नाही. शाळा सुटली ती कायमची. दुसऱ्या दिवशी आईच्या शेजारी बसून खडी फोडायला लागले. आई पुढं त्याच कामावर खोकून खोकून मेली. तरुण कधी झालीच नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा मी खडी फोडत होते त्या रस्त्यानं गुरुजी चालले होते. मला ओळखून थांबले.

"माफी मागितली असतीस तर आज मास्तरीण झाली असतीस."

मी हातोडी घेऊन उभी राहिले. त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"झाले असते. पण माफी न्हाई. मरंस्तवर न्हाई."