प्यो मास्तरांची रस्सीखेच

प्यो मास्तरांना भौतिकशास्त्र शिकवायला लागून वीस वर्षं झाली, पण गप्प बसायला काही ते शिकले नाहीत. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला त्यांच्या कोरियन गावात गवताचा जाडजूड दोर ओढतात. एका टोकाला लग्न झालेले पुरुष, दुसऱ्या टोकाला बायका आणि बिनलग्नाची पोरं. जिंकायचं बायकांनीच, तरच पीक येतं. पुरुष जरा ओढल्यासारखं करतात आणि ओरडत लोळण घेतात. हे नाटक मास्तरांच्या डोक्यात जायचं.

"बळ म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण! टाचा रोवा, एका दमात ओढा, मग बघा गंमत!" यंदा त्यांनी पुरुषांना चिथावलं.

झालं! ढोल वाजला, पुरुषांनी हिसका दिला आणि दोर खरोखरच त्यांच्याकडे सरकू लागला. त्यांना असा चेव चढला की आपल्याला हरायचंय हेच बेटे विसरले.

समोर सगळ्यांत पुढे मास्तरांची बायको मालसून. तिची लसूण शेतात उभी होती. तिचं रडवेलं तोंड मास्तरांना दिसलं.

"अरे सोडा, सोडा!" ते ओरडले. पण ऐकतो कोण!

मग त्यांनी भराभर हिशेब मांडला. पहिल्या दोन सेकंदांत दोर वीस सेंटीमीटर सरकला, म्हणजे त्वरण शून्य दशांश एक. माणसं आणि दोर मिळून तीन हजार किलो. म्हणजे पुरुषांचं बळ तीनशे न्यूटनने जास्त. त्यात आपले दोनशे. नुसते हात सोडले तरी शंभर उरतातच. पण इथले दोनशे काढून तिकडे लावले, तर बायकाच शंभरने वरचढ!

मास्तरांनी धूम ठोकली आणि पोरांच्या घोळक्यात घुसून बायकांचा दोर धरला. दोर मंदावला, थबकला आणि बायकांकडे निघाला. बायका जिंकल्या.

"फितूर कुठला!" पुरुष खवळले.

बायकांतली ओक म्हातारी मात्र पोट धरून हसत होती. "मास्तर, तुमचं लग्न व्हायचंय हे ठाऊकच नव्हतं हो. स्थळ बघू का?"

"नको आजी," डोळे पुसत मालसून म्हणाली. "लसूण चांगली आली, तर मीच पत्करीन यांना."

"आणि तोवर माझ्या जेवणाचं काय?" मास्तरांनी घाबरत विचारलं.

"त्या पुरुषांकडे जा की. घेतात का पंगतीला, बघा!"