आमच्या मॅनेजरांची एकच बस

या जगात देवाने जे काही निर्माण केलं त्यातलं काहीही वाया जाता कामा नये, आणि ते वाया जाऊ नये यासाठीच देवाने आपल्याला पंजाबातल्या डेराबस्सीला पाठवलं आहे, अशी आमच्या मॅनेजरांची ठाम समजूत होती. आमचा औषधांचा कारखाना. मी तिथे तपासणी विभाग सांभाळत होते. नवरा हवाई दलात, बदली चंडीगढला, घरी बसून स्वेटर विणण्याची मला हौस नाही, म्हणून ही नोकरी. पहिल्याच दिवशी मॅनेजरांच्या खोलीत शिरले तेव्हा साहेब खुर्चीत नव्हते. बाहेर व्हरांड्यात वाफेच्या नळाला कान लावून उभे होते. एखाद्या आईला चार घरं पलीकडे रडणारं आपलं मूल ओळखू यावं तशी त्यांना वाफेची गळती ऐकू येत असे. "ऐका बाई," ते मला म्हणाले, ओळखपाळख काही नाही, "ऐका! कोळसा चाललाय आपला आभाळात." मी कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. तेव्हापासून माझ्याविषयी त्यांचं मत जे बिघडलं ते बरीच वर्षं सुधारलं नाही.

ते नगरकडच्या दुष्काळी गावचे. पाण्याचा थेंब सांडला की त्यांचा चेहरा कोणी गेल्यासारखा होई. यंत्रं थंड करून बाहेर पडणारं पाणी आधी सरळ गटारात जायचं. त्यांनी ते वळवून मागच्या पडीक जागेत नेलं आणि तिथे पालक लावला. पंजाबची जमीन आणि कोमट पाणी, पालक असा माजला की कँटीनमध्ये सोमवारी पालक-आलू, मंगळवारी पालक-दाळ, बुधवारी पालकाची भजी आणि गुरुवारी पुन्हा पालक-आलू. छपराचे काही पत्रे काढून तिथे पारदर्शक पत्रे बसवले, दिवसा दिवा लावायचा नाही. ऑफिसमधला एअर कंडिशनर काढून खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. माझ्या उपकरणांच्या खोलीतलाही काढायला आले, तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसले. "बाई, माणसं पडद्यावर भागवतात, मग यंत्रांचे लाड कशाला?" "साहेब, उकडलं की माणसं चुकीचा आकडा दाखवत नाहीत," मी म्हटलं. ते परत गेले, पण जाताना व्हरांड्यातला दिवा घालवून गेले. कोऱ्या कागदाला ते हात लावत नसत. माझ्या पगारवाढीचं पत्र खोकल्याच्या औषधाच्या छपाई बिघडलेल्या लेबलांमागे टाइप होऊन आलं. नवऱ्याने ते उलटसुलट पाहून विचारलं, "ही वाढ बाटली हलवून घ्यायची की न हलवता?"

हे सगळं ते पैसे वाचवायला करतात असं मुंबईचं हेड ऑफिस समजत असे आणि खूश असे. पैसे वाचतही होते. पण शेजारचे कारखाने आपलं रंगीबेरंगी पाणी खुशाल नाल्यात सोडत असताना आमच्या सांडपाण्याच्या शेवटच्या टाकीत साहेबांनी मासे पाळले होते. "हे माझे इन्स्पेक्टर," ते पाहुण्यांना सांगत, "लाच खात नाहीत." एखादा मासा मेला की त्या दिवशी साहेब डबा उघडत नसत आणि कोणत्या विभागाने काय ओतलं याची चौकशी सुरू होई. कामगारांशी ते स्वतःच्या हिंदीत बोलत. "पानी वाया मत घालवो! बंद करने को हात दुखता क्या?" ही हिंदी पंजाबी कामगारांना तोंडपाठ झाली होती, आणि पॅकिंग खात्यात "वाया मत घालवो" हे वाक्य एकमेकांना जेवणाचा आग्रह करतानासुद्धा वापरलं जाई.

बसची गोष्ट इथूनच निघते. साहेब येण्याआधी अधिकाऱ्यांना जीप, ऑफिसला मेटॅडोर आणि कामगारांना एक खटारा असा थाट होता. साहेबांनी सगळं विकून टाकलं आणि एकच बस ठेवली. सकाळी सगळ्यांनी चंडीगढच्या सेक्टर सतराला यायचं आणि एकत्र निघायचं. ते स्वतः मागच्या चाकावरच्या सीटवर बसत, कारण ती कोणी घेत नसे आणि जागा फुकट जाई. बस चालवायचा करनैलसिंग, पांढऱ्या दाढीचा, अबोल. बसच्या आतले दिवे साहेबांनी काढून घेतले होते. "गाडीत कोण वाचायला बसतंय?" करनैलसिंग एकदाच म्हणाला होता, "साबजी, रात को पुलिस नाके पे अंदर की बत्ती माँगते हैं जी." त्यावर साहेब म्हणाले, "उनके पास टॉर्च है ना? और अपन रात को जाताच कहाँ?"

ते दिवस असे होते की ही शेवटची गोष्ट खरी ठरावी म्हणून आम्ही सगळे मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलेलो असायचो. पंजाबात मोटारसायकलवरून येऊन अतिरेक्यांनी बस अडवायची, हिंदूंना वेगळं काढायचं आणि गोळ्या घालायच्या, अशा बातम्या दर थोड्या दिवसांनी येत. आमचा रस्ता तोच. मागून मोटारसायकलचा आवाज आला की बसमधलं बोलणं थांबे. ती पुढे निघून गेली की पॅकिंगच्या मिसेस शर्मा "वाहेगुरू" म्हणत आणि पुन्हा भावाच्या लग्नाची गोष्ट सोडली होती तिथून उचलत. खिडकीची जागा कोणाला नको असे. मी घरी पोचेपर्यंत नवरा फाटकाशी उभा असायचा आणि "सहज उभा होतो" म्हणायचा. त्या डिसेंबरात तर आमच्या मुलीनेही "मम्मी, आज लेट मत होना" असं रोज बजावायला सुरुवात केली.

अशातच दोन बसची मागणी आली. हिंदू मंडळींना वाटे, बसमध्ये सरदार आहेत, ड्रायव्हर सरदार, वेळ आली तर तो थांबवेल की पळवेल, कोण सांगणार? सरदार मंडळींचं दुःख वेगळं. आमचा इलेक्ट्रिशियन जसबीर, तिशीच्या आतला, सगळ्यांना हसवणारा पोरगा, मला म्हणाला, "मॅडमजी, हर नाके पे हमें ही उतारते हैं. आप लोग खिडकी से देखते हो, हमें शर्म आती है. अलग गाडी हो तो कम से कम देखेगा तो कोई नहीं." दोन्हीकडून अर्ज गेले. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर. हेड ऑफिसने दुसऱ्या बसला मंजुरीसुद्धा दिली. आणि साहेब अडून बसले.

मी त्यांच्याकडे गेले. मलाही दोन बस हव्याच होत्या, उगाच मोठेपणा कशाला सांगू. "साहेब, माणसं घाबरली आहेत."

"मीही घाबरतो, बाई. रोज सकाळी, बसमध्ये चढताना."

"मग?"

"मग काय? एकच रस्ता, एकच वेळ, आणि दोन गाड्या निम्म्या रिकाम्या पळवायच्या? डिझेल दुप्पट, धूर दुप्पट. पोचायचं ते तिथंच."

"धुराचं काय घेऊन बसलात? जिवाचा प्रश्न आहे."

"दोन गाड्यांनी जीव दुप्पट वाचतो का?" त्यांनी विचारलं, आणि समोरच्या वापरलेल्या पाकिटाची चिकटवलेली कड उकलायला घेतली. पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायची हा त्यांचा दुपारचा उद्योग होता. मी संतापून बाहेर पडले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पुढच्या गावाकडे काही झाल्याची आवई उठली. रस्ता बंद, मग चालू, मग पुन्हा बंद. बस निघाली तेव्हा अंधारून आलं होतं आणि धुकं उतरत होतं. चंडीगढच्या हद्दीवर नाका लागला. वाळूची पोती, आडवी फळी, शालीत तोंडं गुंडाळलेले जवान. करनैलसिंगने हेडलाइट मंद केले, आणि समोरून ओरड आली, "अंदर की बत्ती!"

बसमध्ये काळोख. पुन्हा ओरड. मग बंदुकांचे बोल्ट मागे ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मी नवऱ्याच्या फायरिंग रेंजवर कितीदा ऐकला होता, पण तिथे बंदुकीचं तोंड दुसरीकडे असतं. कोणीतरी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. आणि त्या काळोखातून साहेब उठून उभे राहिले आणि ओरडले, "बल्ब मैंने निकाला है! फुकट जलता था इसलिए!"

त्यावर हसू यायला हवं होतं. कोणालाच आलं नाही. टॉर्चचे झोत आत आले, सगळ्यांनी हात वर केले. नाक्यावरचा इन्स्पेक्टर वर चढला, त्याने एकेका चेहऱ्यावर उजेड टाकला आणि पगडीवाले तेवढे खाली उतरवले. करनैलसिंग, जसबीर, बॉयलरवरचे दोघे. काळोखी गाडी का आणली याची चौकशी होईल, ते ठाण्यात राहतील, बाकीच्यांनी जावं, असं त्याचं म्हणणं. चौकशीला नेलेला जसबीरच्या वयाचा मुलगा सकाळी घरी येतोच असं त्या काळात कोणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. जसबीर आमच्याकडे बघत नव्हता. बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

साहेब खाली उतरले. "बल्ब मैंने निकाला, तो मेरेको पकडो."

"आप जाइए, बाबाजी. गाडी में लेडीज हैं. कोई और चला लेगा."

"आधी गाडी लेके मैं नहीं जाएगा."

"क्यों?"

"फिर इनको लेने वापस आना पडेगा ना! डिझेल फुकट आता है क्या?"

इन्स्पेक्टरने टॉर्च त्यांच्या तोंडावर धरला. मला त्या क्षणी साहेबांचा गळा दाबावासा वाटला. हा माणूस आपल्या डिझेलपायी आम्हा सगळ्यांना इथे मारणार! साहेबांनी रस्त्यावर रुमाल पसरला आणि त्यावर मांडी घालून बसले. तेवढ्यात मिसेस शर्मा, दोन बसच्या अर्जावर पहिली सही करणाऱ्या, डब्याची पिशवी सावरत खाली उतरल्या आणि जसबीरच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "ये नहीं आएगा तो सुबह मेरी मशीन कौन ठीक करेगा? आप आओगे?" त्यांनी इन्स्पेक्टरला विचारलं. मग एकेक करत बाकीचे उतरले. मीही उतरले. शौर्य वगैरे काही नाही, रिकाम्या बसमध्ये एकटीने बसून राहायची मला जास्त भीती वाटली.

थंडीत आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. इन्स्पेक्टरने वायरलेसवर कोणाकोणाशी बोलणं केलं, सगळ्यांची ओळखपत्रं पाहिली, बस टायरपर्यंत तपासली. शेवटी म्हणाला, "ले जाओ सबको. और बाबाजी, कल बल्ब लगवा लेना. मेरे लडके नए हैं, उनकी उंगली..."

बस निघाली. साहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांना रुमालाची घडी घालता येत नव्हती, पुन्हापुन्हा ती सुटत होती. रुमाल मी त्यांच्याकडून घेतला आणि घडी करून दिली. "माझी चूक झाली, बाई," ते हळूच म्हणाले, "माणसं गेली असती." मी म्हटलं, "हो, गेली असती." खोटं कशाला बोलायचं? थोड्या वेळाने मी विचारलं, "पण खरंच डिझेलसाठी बसलात खाली?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्याला दुसरं काय सांगणार होतो? बाकी सगळं त्याने रोज ऐकलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दिवे लागले. दोन बसचं नाव पुढे कोणी काढलं नाही. मोटारसायकल आली की बोलणं तसंच थांबत होतं, मिसेस शर्मा तशाच "वाहेगुरू" म्हणत होत्या. फक्त आता नाक्यावर जसबीर उतरला की त्याच्याबरोबर त्याच्या बाजूचा जो असेल तो पाय मोकळे करण्याच्या निमित्ताने उतरू लागला. कोणी ठरवलं नव्हतं.

पण ही हकिगत मुंबईला पोचायची ती पोचलीच. मंजूर झालेली बस घेतली नाही आणि बल्ब काढून सगळ्यांचे जीव टांगणीला लावले, असे दोन आरोप. दोन्ही खरे. उन्हाळ्याआधी साहेबांची हेड ऑफिसला बदली झाली, जिथे वाचवायला ना वाफ होती, ना पाणी. स्टेशनवर आम्ही हार नेला तर म्हणाले, "फुलं कशाला तोडलीत, बाई? झाडावर चार दिवस राहिली असती." गाडी हलली तेव्हा करनैलसिंग प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेला.

नवे मॅनेजर तरुण होते, सज्जन होते. त्यांनी आल्याबरोबर दुसरी बस सुरू केली. त्यात काही चूक होती असं मी आजही म्हणू शकत नाही. जुनी बस करनैलसिंग आणि सरदार मंडळींकडे राहिली, आम्हाला नवी मिळाली, मऊ सीटची. मिसेस शर्मांना पाय पसरून बसता येऊ लागलं. सकाळी सेक्टर सतराला रस्त्याच्या या बाजूला आम्ही उभे राहत असू आणि समोरच्या बाजूला ते. पहिले काही दिवस जसबीर तिकडून मोठ्याने काहीतरी गमतीचं ओरडायचा. पण मध्ये रहदारी असते, नीट ऐकू येत नाही, त्यामुळे नंतर तो नुसता हात वर करायचा, आणि आम्हीही करायचो.